जबाब कोणाच्या भाषेत?

सरकारी दप्तरातल्या जबाबाच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते: वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे. त्याखाली सही, नाहीतर अंगठा. पनवेल तालुक्यातल्या एखाद्या कातकरी बाईचा जबाब असेल, तर हे एक वाक्य तीन गोष्टी गृहीत धरते. तिने जे सांगितले ते मराठीत सांगितले, लिहिणाऱ्याने तेच लिहिले, आणि वाचून दाखवल्यावर तिला ते कळले. प्रत्यक्षात घडते ते असे. ती मनात एका भाषेत जुळवते आणि बाहेर पडताना ते मराठीत आणते. लिहिणारा ते पुन्हा कचेरीच्या मराठीत बसवतो. ‘जातू म्हटलं तर शेठ सोडीना’ याचे कागदावर ‘मालकाने जाण्यास मज्जाव केला’ होते, आणि ‘पैसे अंगावर हायेत’ याचे ‘सदर इसमाकडून अग्रिम रक्कम स्वीकारली’. वाचून दाखवताना हे दुसरे मराठी वाचले जाते. ती मान हलवते. समोर साहेब बसलेले असताना मान हलवण्याचे अर्थ पुष्कळ होतात. त्यातला ‘मला समजले’ हा एकच अर्थ कागद धरून चालतो. वाडीवस्तीवर सामाजिक काम करणाऱ्या माणसाचा खरा प्रश्न या अंगठ्याच्या वरच्या दोन ओळींत आहे.

कातकरी, म्हणजे अनुसूचित जमातींच्या यादीतले काथोडी, महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. उरलेल्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या झाडाचा गाभा तासून, उकळून कात काढणारे म्हणून हे नाव पडले. इंग्रजांच्या वनकायद्यांनी खैर सरकारजमा झाला आणि नाव मागे राहून धंदा गेला. मग कोळसा भट्ट्या, मग वीटभट्ट्या. २०११ च्या जनगणनेत राज्यात त्यांची संख्या अडीच लाखांहून अधिक आहे. रायगड, ठाणे आणि पालघर हे त्यांचे मुख्य जिल्हे. पनवेल हा त्यातला विलक्षण तालुका म्हणायला हवा. इथे २०१६ पासून महानगरपालिका आहे, द्रुतगती महामार्गाचे तोंड आहे, विमानतळ आहे. आणि माथेरान-प्रबळगडाच्या पायथ्याला, कर्नाळ्याच्या आसपास, ठाकूर आणि कातकरी वाड्याही आहेत. शेजारच्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी झालेल्या जंगल सत्याग्रहातल्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी हे नाव आदराने घेतले जाते. आणि तरीही नाग्याच्या माणसांची स्वतःची एक भाषा आहे, हे तालुक्यातल्या पुष्कळ सुशिक्षितांना ठाऊक नसते. कातकरी माणूस बाजारात, भट्टीवर, दवाखान्यात मराठी बोलतो, तीही आगरी वळणाची. म्हणून त्याची भाषा मराठीच असणार असे आपण ठरवून टाकले आहे. त्याच्या झोपडीतली, चुलीपुढची भाषा आपल्या कानावर कधी पडलेलीच नसते, कारण आपण दिसलो की ती बंद होते.

समाजकार्याच्या चर्चेत अशा वस्तीला ‘द्विभाषिक समाज’ म्हणतात. या शब्दाने एक मोठी गफलत होते. दोन भाषा शेजारी नांदतात, लोक सोयीप्रमाणे इकडून तिकडे जातात, असे काहीसे सुखद चित्र त्यातून उभे राहते. पण या दोन भाषा येतात कोणाला, हे विचारून पाहावे. कातकऱ्याला येतात. तलाठ्याला, डॉक्टरला, शिक्षकाला, हवालदाराला आणि समाजकार्याची पदवी घेतलेल्या कार्यकर्त्यालाही या दोनपैकी एकच येते. म्हणजे समाज द्विभाषिक नाही. समाजातला सर्वांत गरीब घटक तेवढा द्विभाषिक आहे. भाषांतराचे सगळे श्रम तो करतो, त्याची मजुरी त्याला मिळत नाही, आणि भाषांतर चुकले तर दंडही तोच भरतो. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की हा भार उलटा व्हायला हवा. जो सेवा देतो, ज्याला त्या कामाचा पगार मिळतो, ज्याच्या एका शेऱ्यावर दुसऱ्याचे वर्ष ठरते, त्याने भाषेच्या दिशेने चालत गेले पाहिजे.

याचा पुरावा वीटभट्टीवर सर्वांत स्वच्छ दिसतो. पाऊस संपला की कातकरी कुटुंबे बाहेर पडतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडाशी परततात. जाण्याआधी पैसे ‘अंगावर’ घेतलेले असतात. या शब्दाइतका नेमका शब्द अर्थशास्त्राला सापडलेला नाही: कर्ज जमिनीवर नाही, घरावर नाही, थेट अंगावर. नवरा-बायको मिळून चिखल तुडवतात, साच्यात विटा पाडतात, हजारावर दर ठरतो, आठवड्याला खर्ची मिळते आणि हिशेब शेवटी होतो. वही मालकाची, हिशेब मालकाचा. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम १९७६ चा. त्याचे कलम १५ मजुराच्या बाजूने फार मोठी गोष्ट करते. हे कर्ज वेठबिगारीचे आहे असे मजूर म्हणाला, की ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. पण त्यासाठी मजुराने तसे ‘म्हणावे’ लागते. चौकशीला आलेला अधिकारी विचारतो, ‘तुला जबरदस्तीने ठेवले होते का?’ आणि उत्तर येते, ‘नाही.’ हे उत्तर खोटे नाही. त्याच्या लेखी जबरदस्ती म्हणजे हात धरून ओढत नेणे, काठी मारणे. तो तर आपल्या पायांनी गेला होता, पैसे घेऊन गेला होता. १९८२ सालच्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे हीदेखील सक्तीची मजुरी ठरवली, आणि १९८४ च्या बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात अशा मजुरीमागे उचल असणारच असे गृहीत धरायला सांगितले. कायद्यातली ‘जबरदस्ती’ आणि वाडीतली ‘जबरदस्ती’ हे दोन वेगळे शब्द झाले, फक्त उच्चार सारखा राहिला. ज्या कार्यकर्त्याला हे माहीत आहे तो तो प्रश्न विचारतच नाही. तो विचारतो, मधेच पोर आजारी पडले तेव्हा गावाला गेलात का? दुसऱ्या भट्टीवर जास्त दर होता, तिकडे का नाही गेलात? किती विटा पाडल्या आणि हातात काय आले? वेठबिगारीची सगळी अंगे या उत्तरांत आपोआप येतात. त्या ‘नाही’वर मात्र प्रकरण तिथल्या तिथे मिटते, आणि मिटते ते मजुराच्याच तोंडून.

दुसरा शब्द ‘खावटी’. ठाणे-रायगड पट्ट्यात पावसाळ्यात घरातला दाणा संपला की सावकाराकडून जे धान्य उसने आणायचे ते खावटी. सुगीला ते वाढवून फेडायचे, नाही जमले तर अंगमेहनतीने. गोदावरी परुळेकरांनी वारल्यांच्या लढ्यावर लिहिले त्यात या उसनवारीचे आणि तिच्यामागून येणाऱ्या वेठीचे जग आहे. पुढे सरकारने आदिवासींना सावकाराच्या दारातून सोडवायला योजना काढली आणि तिला नाव दिले खावटी कर्ज योजना. २०२० मध्ये त्याच नावाने शंभर टक्के अनुदान आले. कुटुंबाला ४,००० रुपयांचा लाभ, निम्मा रोख, निम्मा वस्तूरूपाने. आता एखाद्या कातकरी म्हातारीने ‘हे फेडायचं कधी?’ असे विचारले, किंवा भीतीने अर्जच भरला नाही, तर तिला अडाणी म्हणणे सोपे आहे. तिच्या घरात त्या शब्दाला दोन-तीन पिढ्यांचा अनुभव चिकटलेला आहे, आणि सरकारची मूळ योजनाही कर्जाचीच होती. अडाणीपण असलेच तर नाव ठेवणाऱ्याचे. ‘अनुदान’ या संस्कृत शब्दाने तिचा संशय फिटत नाही. ‘हे परत द्यायचे नाही, कोणी मागायला येणार नाही’ हे तिच्या भाषेत, तिच्या ओळखीच्या माणसाने दोनदा सांगितले तर फिटण्याची शक्यता आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ येतो: त्यांना मराठी कळते ना, मग अडचण कुठे आहे? कळते हे खरे आहे. पण बाजारहाट करण्याइतकी भाषा येणे वेगळे आणि नवऱ्याच्या मारहाणीबद्दल, दगावलेल्या बाळाबद्दल, दारूबद्दल बोलता येणे वेगळे. शिकलेल्या भाषेत भावनेची धार बोथट होते, हे मानसशास्त्रातल्या अनेक अभ्यासांनी दाखवले आहे. शिवाय भीतीत, आजारात आणि म्हातारपणात माणूस पहिल्या भाषेकडे सरकतो. समाजकार्याचे बरेचसे काम नेमके अशाच वेळी सुरू होते. याबाबत वेल्स या छोट्या देशाकडे पाहण्यासारखे आहे. २०२१ च्या जनगणनेत तिथे वेल्श बोलणारे १७.८ टक्के होते, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढाला इंग्रजी येते. ‘त्यांना इंग्रजी कळते ना’ हा आक्षेप तिथे आपल्यापेक्षा दसपट वजनाचा होता. तरी २०११ च्या कायद्याने वेल्शला अधिकृत दर्जा मिळाला, आणि २०१२ मध्ये आरोग्य व समाजसेवांसाठी ‘मोअर दॅन जस्ट वर्ड्स’ नावाचा आराखडा आला. त्याचा गाभा म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्ह ऑफर’: माणसाने मागण्याची वाट न पाहता सेवा देणाऱ्यानेच वेल्शमध्ये बोलण्याची तयारी पुढे करायची. कारण दुबळा माणूस भाषा मागत नाही. तो आधीच मदत मागायला आलेला असतो. त्यावर आणखी एक मागणी करणे त्याला उद्धटपणाचे वाटते. वेल्समधल्या इंग्रजी येणाऱ्या, शिकलेल्या, मतदार म्हणून दबाव आणू शकणाऱ्या लोकांबद्दल हे खरे असेल, तर वाडीवरच्या माणसाबद्दल काय बोलावे?

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे: कातकरी ही भाषा कुठे आहे, ती मराठीची बोली आहे. ग्रियर्सनने १९०५ च्या आपल्या मराठीच्या खंडात तिची नोंद केली हे खरे, आणि तिच्यात भिली-गुजरातीच्या छटा आहेत असेही अभ्यासक सांगतात. भाषा की बोली हा वाद भाषाशास्त्रज्ञांनी जरूर घालावा. कामाच्या दृष्टीने मात्र जवळीक ही सोय नसून धोका आहे. समोरचा तेलुगू बोलत असेल तर आपण थांबतो, दुभाषी शोधतो. समोरचा जवळपास मराठी बोलत असेल तर आपण थांबत नाही. न कळलेले आपल्या अंदाजाने भरून घेतो आणि कळले असे मानून पुढे जातो. ‘जबरदस्ती’ आणि ‘खावटी’ हे दोन्ही शब्द मराठीच आहेत, त्यांनीच घोटाळा केला. परकी भाषा निदान आपले अज्ञान आपल्याला दाखवते.

तिसरा आक्षेप वाडीतूनच येतो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आईबापांनाच पोरांनी मराठी बोललेली हवी आहे, जमल्यास इंग्रजी. कातकरी बोलले की शाळेत हसतात, ‘कातोडी’ ही शिवी म्हणून वापरली जाते. मग बाहेरच्या माणसाने येऊन त्यांना त्यांच्या भाषेत का कोंडावे? कोंडू नयेच. मराठी ही त्यांच्या पोरांची पोटापाण्याची भाषा आहे आणि ती उत्तम यायला हवी. पण इथे मुद्दा मुलांनी काय शिकावे हा नाहीच. मोठ्यांनी, विशेषतः पगारी मोठ्यांनी, काय शिकावे हा आहे. आणि लहान मुलांपुरते बोलायचे तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी वस्तीत जे करून दाखवले ते विसरता येत नाही. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात नेली. त्यातून आलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर चालतो. अंगणात जाणे म्हणजे नुसते अंतर कापणे नव्हे, अंगणातल्या बोलण्यातही उतरणे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावी असे म्हटले आहे. त्यातल्या ‘शक्यतो’ने कातकरी मुलांच्या बाबतीत कायमचा मुक्काम ठोकला आहे.

मग करायचे काय? दुभाषी नेमा, हे उत्तर चटकन सुचते आणि तिथेच सर्वांत जास्त चुका होतात. वाडीवर गेले की मराठी नीट बोलणारे कोणीतरी पुढे येते. बहुतेकदा तो मुकादम असतो, म्हणजे भट्टीवर माणसे नेणारा. त्याच्या तोंडून मजुरांची तक्रार ऐकणे म्हणजे लांडग्याकडून मेंढरांची मोजदाद करून घेणे. नाहीतर आश्रमशाळेत शिकणारी दहा-बारा वर्षांची मुलगी पुढे येते. आईच्या पाळीबद्दल, गर्भपाताबद्दल, बापाच्या मारण्याबद्दल तिने अनोळखी माणसाला सांगायचे. हे ओझे पोरीवर टाकण्याचा अधिकार कोणाला नाही. तिसरा मार्ग शेजारणीचा. तीस-चाळीस उंबऱ्यांच्या वाडीत शेजारणीला सांगितलेले संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलेले असते. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरोधी कायद्याने, म्हणजे २०१२ च्या पोक्सोने, हा प्रश्न ओळखला आहे. मुलाला न कळणाऱ्या भाषेत मजकूर लिहिला जात असेल तर पात्र दुभाषी द्यावा, त्याला ठरलेले मानधन द्यावे, असे त्याचे कलम १९ सांगते. पात्र आणि मानधन, हे दोन शब्द मला मोलाचे वाटतात. भाषांतर हे कौशल्याचे काम आहे, उपकार नव्हे, हे कायद्याने एकदा मान्य केले आहे. मग ते दवाखान्यात, वनहक्काच्या दाव्यात आणि वेठबिगारीच्या चौकशीत अमान्य का असावे? कातकरी समाजातल्या शिकलेल्या मुली आज आहेत. आशा, अंगणवाडी मदतनीस म्हणून कामही करतात. त्यांना गोपनीयतेचे, नोंदीचे थोडे शिक्षण आणि योग्य पैसे दिले, आणि एका वाडीच्या कामाला दुसऱ्या वाडीची मुलगी बोलावली, तर ‘एवढा पैसा कुठून आणायचा’ हा आक्षेपही फारसा उरत नाही.

पण दुभाष्यानेही कार्यकर्त्याची सुटका होत नाही. निम्मी समजूत स्वतःच्या कानानेच यावी लागते. प्रकाश आणि मंदा आमटे १९७० च्या दशकात हेमलकशाला गेले तेव्हा माडिया शिकल्याशिवाय दवाखाना चालणे शक्यच नव्हते. तिथे गरजेने शिकवले. पनवेलला कार्यकर्त्यावर ती गरज कधी येत नाही, कारण समोरचा मराठीत भागवून घेतो. मुंबईत समाजकार्याचे शिक्षण १९३६ मध्ये सुरू झाले, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या नावाने. आजचे टिस ते हेच. त्या परंपरेत विद्यार्थी पुस्तके इंग्रजीत वाचतो, वस्तीवर मराठी-हिंदीत बोलतो आणि अहवाल पुन्हा इंग्रजीत लिहितो. वाडीवरची बाई जे बोलली ते अहवालात पोचेपर्यंत तीन उंबरे ओलांडते, आणि प्रत्येक उंबऱ्यावर थोडे सांडते. याला मोठा खर्चिक उपाय लागत नाही. कर्जतच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सचे राजीव खेडकर आणि संशोधक डॅनियल बकल्स यांनी रायगड-ठाण्यातल्या कातकरी वाड्यांच्या जागेच्या हक्कावर काम केले, त्यावर त्यांचे २०१३ चे पुस्तक आहे. वाडीवाल्यांनी स्वतः बसून आपल्या वस्तीची माहिती मांडायची, प्रश्नही स्वतः ठरवायचा, अशी ती पद्धत. प्रश्न वाडीत ठरला की भाषाही वाडीचीच येते, आणि शिकायची पाळी पाहुण्यावर येते.

शेवटचा आक्षेप पनवेलचाच आहे. इथे बिहारचे, उत्तर प्रदेशचे, ओडिशाचे कामगार आहेत. विमानतळाने आणखी येतील. किती भाषा शिकायच्या? सगळ्या नाही. पण बाहेरून आलेल्या कामगाराच्या भाषेला त्याच्या राज्यात शाळा आहे, वर्तमानपत्र आहे, राज्यकारभार आहे. कातकरीला दुसरे राज्य नाही. तिच्या माणसांना मराठीत राज्य करणारे सरकारच लाभले आहे, आणि ते सरकार १ मे १९६० रोजी ज्या आग्रहातून जन्मले तो हाच होता की लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत व्हावा. या आग्रहाची किंमत ज्यांनी मोजली त्यांना कातकरीचा प्रश्न नव्याने समजावून सांगावा लागू नये.

सुरुवात जबाबाच्या कागदापासूनही करता येईल. शेवटच्या ठरलेल्या वाक्याच्या वर दोन ओळी वाढवाव्यात: बोलणे कोणत्या भाषेत झाले, आणि मधे कोण बसले होते. जिथे सगळे प्रकरण एका शब्दावर उभे असेल तिथे बाईचा तो शब्द जसाच्या तसा देवनागरीत लिहावा, अवतरण चिन्हात, आणि त्याचा अर्थ खाली द्यावा. वाचून दाखवल्यावर मान हलली का हे न पाहता तिलाच सांगायला सांगावे की यात काय लिहिले आहे. पेणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयापासून पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, छापखान्यातून फॉर्म पुन्हा काढायचीही नाही. समासात जागा असते.